बाळ आठ महिन्यांचं असताना आई कामावर गेली तर त्याच्या वाढीवर परिणाम होतो का?

प्रश्नासोबत तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, बाळ तेव्हा आठ महिन्यांचं असेल, घरातली मोठी माणसं म्हणतात ‘पहिली तीन वर्षं आईच हवी’ आणि ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात ‘एवढ्याशा मुलांना काही कळत नसतं, रुळतात चार दिवसांत’.

मी बारा वर्षं पाळणाघरात काम करतेय. डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही. अंगावर पिणाऱ्या बाळांपासून तीन वर्षांपर्यंतची मुलं सांभाळते आणि या विषयावर हाताला लागेल ते वाचते. माझा स्वतःचा मुलगा सात महिन्यांचा असताना मी त्याला घेऊनच कामाला लागले होते, त्यामुळे तुमची घालमेल मला अनोळखी नाही.

मैत्रिणींचं म्हणणं आधी निकालात काढते, कारण ते सरळ चूक आहे. 1980 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी जेमतेम तीन दिवसांच्या आतल्या बाळांना दूध नसलेली चोखणी दिली होती. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज येईल अशी लय पकडली. तीन दिवसांची बाळं! नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचंच जरा नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो साधारण तेवढंच. आणि सात-आठ महिन्यांचं झालं की समोरून गेलेलं माणूस कुठेतरी आहे, हे त्याच्या डोक्यात शिरू लागतं. म्हणून तर त्याच सुमारास ते तुम्ही न्हाणीघरात गेलात तरी भोकाड पसरतं. ‘कळत नाही’ म्हणून रडत नाही ते, कळायला लागलं म्हणून रडतं.

आता मोठ्या माणसांचं म्हणणं. आईविना मूल कोमेजतं, ही गोष्ट नीट मांडली ती जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने, 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात. पण त्याच्यासमोर होती अनाथालयांतली, महिनोन्‌महिने रुग्णालयात पडून राहिलेली, युद्धात घरदार तुटलेली मुलं. सकाळी गेलेली आई संध्याकाळी परत येणार, अशी ती मुलं नव्हती. शिवाय त्याने आई म्हणताना ‘किंवा कायम आईच्या जागी असलेलं माणूस’ असंही म्हटलं होतं. पुढे लोकांनी हे शेपूट कापलं आणि उरलेलं वाक्य नोकरी करणाऱ्या बायकांच्या गळ्यात बांधलं. मला त्याचा राग येतो, लपवत नाही.

ते शेपूट किती महत्त्वाचं होतं ते रुमानियात दिसलं. 1989 मध्ये तिथली राजवट कोसळली आणि अनाथालयं जगासमोर उघडी पडली. खाऊ-पिऊ घातलं जाई, पण रडलं तर उचलायला कुणी नाही. नंतर बुखारेस्टमध्ये अशा 136 मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठी काढावी तसं निवडून पालक-कुटुंबांत पाठवलं. ती मुलं संस्थेत राहिलेल्यांपेक्षा बुद्धीनेही आणि जीव लावण्यातही पुढे गेली, आणि दोन वर्षांच्या आत गेली ती जास्त. पालक-कुटुंबातल्या त्या बायकांनी त्यांना जन्म दिला नव्हता.

मग पाळणाघराचं काय? अमेरिकेत 1991 पासून 1,364 मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. पंधराव्या महिन्याला निष्कर्ष असा निघाला की केवळ दुसरीकडे ठेवल्यामुळे आई-मुलाचं नातं बिघडत नाही. आईचं बाळाकडे लक्ष नसणं आणि त्यात भर म्हणून पाळणाघर वाईट, किंवा सांभाळणारं माणूस सारखं बदलतंय, असं दोन्ही जुळून आलं तिथे मात्र धोका वाढलेला दिसला. त्याच अभ्यासात पुढे हेही आढळलं की केंद्रात फार तास काढणाऱ्या मुलांमध्ये हट्टीपणा, भांडखोरपणा किंचित जास्त होता. किंचितच, पण पाळणाघरात काम करते म्हणून मी ते गाळणार नाही.

हे झालं पुस्तकातलं. मला तुम्हाला खरं सांगायचंय ते संध्याकाळचं.

एक वर्षाची मुलगी होती आमच्याकडे. सकाळी थोडी रडायची, मग दिवसभर मजेत. खाणं-झोपणं सगळं वेळेवर. पण संध्याकाळी आई दारात दिसली की हातातलं खेळणं फेकून असं रडायची, की जणू आम्ही तिला दिवसभर चिमटे काढलेत. आई बिचारी पांढरीफटक. आठवड्याने म्हणाली, ‘ताई, हिला इथे सहन होत नाहीये, मी नोकरी सोडते.’ मी म्हटलं, उद्या जरा वेगळं बघा. ती रडते हे नका बघू, तुम्ही कडेवर घेतल्यावर काय होतं ते बघा. दुसऱ्या दिवशी आईने उचललं. मुलीने मान खांद्यात खुपसली, दोन हुंदके दिले, एका हाताने आईचा कान धरला आणि मिनिटभरात दुसऱ्या हाताने आमच्या भिंतीवरचं चित्र दाखवून ‘ऊं, ऊं’ सुरू केलं. दिवसभर सांभाळून ठेवलेलं रडणं तिने योग्य माणसाच्या हवाली केलं होतं, एवढंच.

मेरी एन्सवर्थ ही बोल्बीची सहकारी. तिने एक वर्षाच्या मुलांना अनोळखी खोलीत आईपासून काही मिनिटं दूर ठेवण्याचा प्रयोग बसवला. लोकांना वाटतं, आई गेल्यावर कोण किती रडतं ते ती मोजत होती. तिचं मुख्य लक्ष होतं आई परत आल्यावर मूल काय करतं याकडे. धावत येऊन, बिलगून, शांत होऊन पुन्हा खेळायला लागणारं मूल म्हणजे नातं घट्ट. काही मुलं आईकडे ढुंकूनही बघत नसत. वरून वाटावं किती समजूतदार! पुढे इतरांनी मोजलं तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले निघाले. म्हणून मला मुकाट बाळाची जास्त काळजी वाटते. ‘आमचं अजिबात रडत नाही हो’ असं कौतुकाने सांगितलं, की मी पुढचे आठ दिवस त्या बाळावर डोळा ठेवते. बरीचशी खरंच शांत स्वभावाची असतात. एखाद-दुसरं नसतं.

आता तुमच्या बाळाचं. आठवा महिना हा त्यातल्या त्यात अवघड महिना आहे, वर सांगितलं त्यामुळे. रुजू होण्याची तारीख हलत नसेल तर सवय लावायला आजपासून लागा. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही तिथेच बसा, मग पंधरा मिनिटं बाहेर, मग तास. पाळणाघर निवडताना रंगीत भिंती बघू नका. एकच प्रश्न विचारा: माझ्या बाळाला रोज कोण घेणार, आणि ती बाई किती दिवसांपासून इथे आहे? एका ताईकडे तान्ही बाळं तीन-चारपेक्षा जास्त असतील तर दुसरीकडे बघा, ती कितीही मायाळू असली तरी तिला हात दोनच आहेत. आजी किंवा बाबा सांभाळणार असतील तर उत्तमच. स्कॉटलंडमध्ये साठ बाळांवर झालेल्या एका जुन्या पाहणीत (1964) दिसलं होतं, की दीड वर्षापर्यंत बहुतेकांचा एकाहून जास्त माणसांवर जीव जडलेला असतो, आणि तो जास्त तास जवळ असणाऱ्यापेक्षा हाकेला ओ देणाऱ्यावर जडतो. आईचा वाटा त्याने कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. बाळाची नजर चुकवून निघू नका. खेळण्यात गुंतवून मागच्या दाराने सटकणारे आई-बाप मी रोज बघते. त्यांचं बाळ त्या वेळी रडत नाही, खरं आहे. पण मग दिवसभर खेळता खेळता मध्येच थांबून दाराकडे बघतं, आणि माझा पदर सोडत नाही. मीही सटकेन अशी त्याला धास्ती. माझ्या मुलाच्या बाबतीत मी हीच चूक केली होती, शेजारच्या खोलीत जाताना. निस्तरायला महिना लागला. सांगून जा. रडू दे. पापा घ्या, ‘येते’ म्हणा आणि मग खरोखर निघा. दारात तीन वेळा मागे वळून येऊ नका.

संध्याकाळी थकून आल्यावर एखादा दिवस लक्ष लागणार नाही, चिडचिड होईल. होऊ दे. एडवर्ड ट्रॉनिक या संशोधकाने आई-बाळांचे खेळ चित्रित करून क्षणाक्षणाने तपासले, तर चांगल्या जोड्यासुद्धा सुमारे तीस टक्केच वेळ एकमेकांशी जुळलेल्या निघाल्या. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं.

आणि पहिल्या आठवड्यात तुमचं बाळ दारात तुम्हाला बघून रडलं, तर बॅग शोधत, दिवसभराचा हिशेब विचारत उभ्या राहू नका. तिथेच खाली बसकण मारा आणि त्याला मांडीवर घ्या. डबा-दुपटी आम्ही भरून देतो.