तीन वर्षांचं फायकस (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) आता बोन्सायच्या उथळ कुंडीत लावू का?

तुम्ही दिलेली मापं अशी: बुंधा दीड सेंटीमीटर जाड, उंची ३० सेंटीमीटर, आणि आणून ठेवलेली कुंडी ४ सेंटीमीटर खोल. एवढ्यावरून सांगतो, इतक्यात लावू नका.

झाडाचं वय इथे फारसं कामाचं नाही. उथळ कुंडीत मुळांना जागा कमी, त्यामुळे वरची वाढ आवळली जाते. फांद्या बारीक आणि पानं लहान होतात, पण खोड जाड होणं जवळपास थांबतं. म्हणून ज्या कामांना जोमदार वाढ लागते, ती आधी मोठ्या जागेत उरकून घ्यायची.

पहिलं काम खोडाचं. बुंध्याच्या साधारण सहापट उंची डोळ्याला पटते. म्हणजे ३० सेंटीमीटरच्या झाडाला बुंधा ५ च्या आसपास हवा; तुमच्या आजच्या बुंध्यावर ९-१० सेंटीमीटरचं झाड शोभेल. तेवढंच हवं असेल तर खोड आत्ता खाली छाटा आणि पुढे फांद्या घडवायला लागा. मोठं हवं असेल तर झाड जमिनीत, रुंद कुंडीत किंवा जाळीच्या टोपलीत हलवा. जाळीतून बाहेर आलेलं मुळाचं टोक हवेने सुकतं आणि मागे बारीक फाटे फुटतात, हा टोपलीचा मोठा फायदा.

बुंध्याजवळची एखादी फांदी मीटर-दीड मीटर गेली तरी छाटू नका. ती शेवटी काढूनच टाकायची असते, पण तोवर बुंधा तीच जाड करते. नेमके इथेच हात शिवशिवतात. दर महिन्याला शेंडे खुडले की झाड नीटस दिसतं आणि बुंधा मात्र होता तेवढाच राहतो. ही फांदी कापल्यावरही घाई नको. दोन सेंटीमीटरची जखम मोकळ्या जागेत बरीच लवकर भरते. उथळ कुंडीत ती वर्षानुवर्षं उघडी राहू शकते. मुख्य फांद्यांची जाडीही मोकळ्या जागेतच मिळवून घ्या.

मग मुळं. झाड काढून माती धुवा आणि खालून बघा. खाली जाणारी दोन-तीन जाड मुळं आणि टोकाशी थोडी केशमुळं, एवढंच दिसलं तर ते उथळ कुंडीसाठी तयार नाही. जाड मुळं अर्धी या हंगामात, उरलेली पुढच्या हंगामात कापा, आणि मधल्या काळात झाड १०-१२ सेंटीमीटर खोल पेटीत ठेवा. सगळी एकदम कापली तर फायकस बहुधा तगेल, पण एखादी फांदी वाळू शकते. पाइन किंवा जुनिपरवर हा प्रयोग करूच नका. बुंध्याभोवती सगळीकडे पसरलेली मुळं आणि त्यांवर बारीक जाळं दिसलं, की झाड तयार समजा.

केशमुळांवर एवढा भर देण्याचं कारण निचरा. कुंडीत भरायच्या एकाच मिश्रणात तळाशी साचणाऱ्या पाण्याचा थर खोल आणि उथळ कुंडीत सारख्याच उंचीचा असतो. २० सेंटीमीटरमध्ये तो जाणवत नाही. ४ सेंटीमीटरमध्ये निम्मी कुंडी चिंब राहते आणि अशक्त मुळं कुजतात. म्हणून चाळून बारीक धूळ काढलेलं, २ ते ६ मिलिमीटर दाण्याचं प्युमिस किंवा लाव्हा (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचे खडे) वापरा. बागेची माती नको.

कुंडी त्या वेळी नव्याने मापून घ्या: खोली बुंध्याच्या जाडीएवढी, लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश. आणलेली कुंडी तेव्हा बसेलच असं नाही.

फायकस भर वाढीत असताना, रात्रीही ऊब असेल तेव्हा लावा. तळाच्या भोकांतून तार ओवून मुळांचा गड्डा घट्ट बांधा; झाड हललं की नवी मुळं तुटतात. दोन-तीन आठवडे उजेडाच्या सावलीत ठेवा. खत चार-सहा आठवड्यांनी, तेही नवी पानं उघडल्यावरच.