आठवीतल्या मुलीच्या पाण्याच्या प्रकल्पाचा रिपोर्ट कसा लिहावा? न जुळणारा आकडा गाळावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीने इंदुरात आपल्या कॉलनीतल्या घरांतून नळाला येणारं नर्मदेचं आणि बोरिंगचं पाणी आणलं, किती थेंब साबणात फेस टिकतो ते मोजलं आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, दाखवणारं मीटरही लावलं. बोरिंगला साबण जास्त लागला. फक्त एका घरचं बोरिंग नर्मदेपेक्षाही कमी साबणात फेसाळलं. शिकवणीचे सर म्हणतात, तो आकडा काढून टाका.

काढू नका. मी इंदुरात विज्ञान शिकवलं आहे, प्रदर्शनांत परीक्षकही होतो. सगळे आकडे एकाच दिशेने जाणारे रिपोर्ट ढिगाने येतात. तुमच्या मुलीच्या हाती खरी शोधण्याजोगी गोष्ट लागली आहे.

आधी त्या घरचा टीडीएस बघा. तो बाकीच्या बोरिंगांइतकाच असेल, तर तिथे सॉफ्टनर बसवलेला असण्याची दाट शक्यता आहे. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. मग साबणाचा साका होत नाही, फेस लगेच येतो, पण विरघळलेले क्षार जवळपास तेवढेच राहतात, म्हणून मीटरचा आकडा उतरत नाही. टीडीएसही कमी असेल, तर पाणी आरओच्या नळाचं असेल. मुलीला त्या घरी जाऊन काकूंना विचारू द्या. जमलं तर थेट बोरिंगच्या पाइपातलं पाणी आणून पुन्हा मोजू द्या. तक्त्यात जुनी ओळही राहील आणि नवीही, खाली कारण लिहायचं. या एका परिच्छेदावर परीक्षक तिच्याशी सगळ्यात जास्त बोलतील.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. ‘टीडीएस मीटरने पाण्याचा कठीणपणा मोजला’ असं वाक्य रिपोर्टमध्ये येऊ देऊ नका. ते मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतं. कठीणपणा मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो आणि तो साबणाने कळतो. दोन मोजमापं, दोन वेगळे रकाने.

लिहायला सुरुवात तक्त्यापासून करा, मग कृती, मग निष्कर्ष. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. मुलं प्रस्तावनेत ‘पाणी म्हणजे जीवन’ने पान भरतात, आणि तोवर उत्साह संपलेला असतो. तुमच्या प्रस्तावनेला दोनच गोष्टी पुरतील: नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून उपसून आणतात; बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून येतं आणि वाटेत क्षार विरघळवत येतं. म्हणून तिला प्रश्न पडला, बस.

कृती मात्र भूतकाळात हवी. ‘पाणी घ्या, साबण टाका’ हे पाठ्यपुस्तकाचं झालं. तिने काय केलं ते हवं. ‘प्रत्येक नमुन्याचे ५० मिली पाणी घेतले, एकेक थेंब टाकून दर वेळी तितकेच सेकंद हलवले, फेस एक मिनिट टिकला की थांबले’ अशी वाक्यं हवीत. तिने जे आकडे वापरले तेच लिहा. साबण कोणता, तेही लिहा. तो अंगाचा साबण होता ना? कपड्यांची डिटर्जंट पावडर असेल तर हा प्रयोगच बाद होतो, कारण ती कठीण पाण्यातही फेस देते. ड्रॉपर सगळीकडे एकच होता का? ड्रॉपर बदलला की थेंबाचा आकार बदलतो. तुलनेला डिस्टिल्ड वॉटर घेतलं नसेल तर बॅटरीच्या दुकानातून बाटली आणा, एक ओळ वाढवा. सरासरी १४.३३३ अशी लिहू नये, एक दशांश पुरे.

निष्कर्षात ‘बोरिंगचं पाणी पिण्यास अयोग्य’ असं लिहिण्याचा मोह होईल. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. थेंबांची संख्या या आकड्यांशी थेट जोडता येत नाही. तिने इतकंच म्हणावं की या घरांच्या नमुन्यांत, या दिवसांत, बोरिंगला साबण जास्त लागला. पावसाळ्यानंतर आकडे बदलू शकतात, हेही मर्यादांमध्ये यावं.

रिपोर्ट शाळेसाठी हिंदीत किंवा इंग्रजीत लिहायचा असला तरी आधी तिला तो घरात मराठीत, आजीला समजेल असा सांगायला लावा. जिथे अडखळेल, तिथे तिला स्वतःला नीट कळलेलं नसतं. तेवढाच भाग तिच्याबरोबर बसून बघा. वाक्यं तिचीच राहू द्या. तुम्ही नमुने आणायला सोबत गेला असाल, तर ‘आईने मदत केली’ असं सरळ आभारात येऊ द्या.

कच्ची वही फेअर करायला लावू नका. खाडाखोडीसकट ती रिपोर्टशेजारी ठेवा.