आकड्याचं काम मागून घे

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला तुला चार वर्षं झाली, काम चोख आहे असं सगळेच म्हणतात, आणि असिस्टंट मॅनेजरची जागा मात्र तुझ्यानंतर लागलेल्या मुलाला मिळाली. मी कुठं कमी पडले, असं तू विचारतेस. कमी पडली नाहीस. बढतीच्या वेळी वरची माणसं एवढंच बघतात की याच्याकडं काय सोपवलं होतं आणि त्याचं काय झालं. त्याच्याकडं एक लाइन होती, तिचं रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेल्या मालाचा आकडा, त्याच्या नावावर लागत होतं. तुझ्याकडं पीपीएपीच्या (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायच्या) फायली, एट-डी (तक्रारीचं मूळ शोधायचे) रिपोर्ट, ऑडिटची तयारी. फाइल बरोबर असली की कुणी बघत नाही, चुकली की सगळे बघतात. "मॅडम व्यवस्थित आहेत, कागद त्यांच्याकडंच द्या" या कौतुकातच बायकांची वाट अडते.

तेव्हा एक पार्ट मागून घे. अख्खी लाइन नको, ज्याचं रिजेक्शन सगळ्यांना टोचतंय असा एकच. जाताना हिशोब घेऊन जा. समज, 12 किलोचं कास्टिंग (ओतलेला पार्ट), महिन्याला 5,000 नग, रिजेक्शन 6 टक्के, म्हणजे 300 नग. ते 4 टक्क्यांवर आलं तर 100 नग वाचले. खराब कास्टिंग पुन्हा भट्टीतच जातं, त्यामुळं लोखंडाचा पूर्ण भाव लावून नुकसान फुगवू नकोस, अकाउंटवाले तिथंच पकडतील. खर्च लाव वितळवण्याचा. यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूतला कामी येणारा हिस्सा, 60 टक्के धरला तर 12 किलोच्या नगाला रनर-रायझरमध्ये (साच्यातल्या वाटा-भरणीत) अडकणाऱ्या धातूसकट 20 किलो धातू ओतावा लागतो, 100 नगांना 2 टन. इंडक्शन भट्टी टनाला साधारण 600 युनिट खाते, म्हणजे 1,200 युनिट नुसती वीज. वर कोअर (साच्यातले वाळूचे गाभे), वाळू, फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करायची) मजुरी. दोष मशीनिंगनंतर उघडा पडत असेल तर ते तासही धर. हे सगळं एका पानात बसव. दुसरं पान साहेब उलटत नाहीत.

रिजेक्शन पाळीवार, म्हणजे शिफ्टप्रमाणे, काढ. ब्लोहोल (वायूनं पडलेली भोकं) एकाच पाळीत वाढत असतील तर आधी वाळूतला ओलावा बघ. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूत) तो साधारण 3 ते 4 टक्के लागतो, आणि रात्री टेस्टिंगला माणूस नसला की पाणी अंदाजानं पडतं. मुदत तीन महिन्यांची माग, आणि रोजच्या रिपोर्टवर त्या पार्टपुढं जबाबदार म्हणून तुझं नाव लावून घे. नाव लागणार नसेल तर काम घेऊ नकोस. नाहीतर सुधारलं की ते टीमचं होतं आणि बिघडलं की तुझं.

"पण पाळी कोण करणार?" हे ऐकायला मिळेलच. आज काळजीनं म्हणतात, पाच वर्षांनी तेच "शॉपचा अनुभव नाही" म्हणून तुझ्या फॉर्मवर येतं. संध्याकाळी 7 नंतर आणि सकाळी 6 च्या आत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षा व ने-आण बघणं कंपनीवर असतं. गाडीचा खर्च नको म्हणून तुला पाळीला घेत नाहीत, आणि नाव तुझ्या घरच्यांचं सांगतात. घरी खरंच जमणार नसेल तर पहिली पाळी माग; त्यातही मेल्टिंग, मोल्डिंग, कोअरशॉप सगळं पायाखालून जातं. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात बायकांच्या दोन जागा राखीव आहेत, लिस्टेड कंपनीला एक तरी महिला संचालक लागतेच. प्रॉडक्शन मॅनेजरच्या खुर्चीला असला नियम नाही. कावळा नाक्यावर घोड्यावरच्या ताराराणींना वळसा घालूनच रोज सगळे शिरोलीला जातात, ते असो.

मागायची वेळही चुकते. एप्रिलमध्ये बढतीची पत्रं हातात पडल्यावर रडारड करून उपयोग नसतो; जागा किती आणि कुणाला, हे त्याआधी बजेटच्या बैठकीत ठरून गेलेलं असतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साहेबांकडून वीस मिनिटं घे आणि स्पष्ट विचार, "पुढच्या ग्रेडसाठी माझ्यात काय कमी आहे?" उत्तर मोघम आलं तर त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाक: आज असं बोलणं झालं, मी अमुक पार्टचं रिजेक्शन अमुक तारखेपर्यंत इतक्यावर आणीन, काही राहिलं असेल तर कळवा. त्यात तक्रारीचा सूर नको.

ऑडिटच्या दिवशी गेटसमोरची रांगोळी, पाहुण्यांचा फेटा-नारळ, खंडेनवमीची तयारी हे सगळं तुझ्याच गळ्यात येतं ना? नाही म्हणून तोंड वाईट करू नकोस. सहा जणांची आळीपाळीची यादी करून नोटीस बोर्डावर लाव, पहिलं नाव तुझंच घाल. दुसरं नाव शॉपमधल्या एखाद्या साहेबांचं.

कस्टमर आला की रात्री तांबडा-पांढरा रश्श्याचं जेवण होतं आणि बरंचसं तिथंच ठरतं. तिथं जायचं की नाही हे तुझं तू बघ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन दाखवायचं काम तुझ्याकडं ठेव, आणि झालेल्या बोलण्याचं टिपण कस्टमरला तुझ्या नावानं जाऊ दे. चाकणला कस्टमरकडं जायची वेळ आली की "लहान मूल आहे, तिला कुठं पाठवायचं" असं परस्पर ठरतं. म्हणून आधीच लिहून दे की महिन्यातून दोनदा जायची माझी तयारी आहे.

बाळंतपणाच्या रजेत कायदा माहीत असतो, घोळ वेगळाच होतो. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी, त्यातले जास्तीत जास्त 8 बाळंतपणाआधी. मागच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम भरलेलं हवं. 50 किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाकडं जायची मुभा. हे मिळतं. जातो तो तुझा पार्ट. "तात्पुरता" म्हणून दुसऱ्याकडं गेलेला पार्ट परत येत नाही. जायच्या आधी सोपवण्याचं टिपण कर, कुणाकडं काय दिलं आणि कुठल्या तारखेला परत घेणार हे त्यात लिही, साहेबांची सही घे. वर्षाचं रेटिंगही हजर होतीस तेवढ्याच महिन्यांवर धरायला सांग. नाहीतर सरसकट "सरासरी" पडतं.

कुणी वावगं वागलं तर गप्प बसून ते मनात साठवू नकोस. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, आणि लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत जायला हवी.

एवढं करून दोन अप्रेझल (वर्षाची मूल्यमापनं) कोरडीच गेली, तर नोकरी बदल; गोकुळ शिरगाव आहे, कागलची पंचतारांकित एमआयडीसी आहे. मुलाखतीत पगाराआधी विचार, शॉपवर किती बायका आहेत आणि त्यातल्या कितींच्या हाताखाली माणसं आहेत. एचआर आणि रिसेप्शन मोजून आकडा सांगू लागले, तर शॉप बघायला माग.

तुझी,
मावशी