बासवाल्याला श्वास घेऊ दे

प्रिय दोस्ता,

तू चार रेकॉर्डरसाठी (रेकॉर्डर म्हणजे सरळ धरून वाजवायची बासरी; वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) ब्लूज लिहिलास. चाल ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची, पण चौघांनी वाजवली की चर्चमधल्या प्रार्थनेसारखी का वाटते, असं विचारलंस. सूर बरोबर आहेत. पण १२ बारांच्या (एक बार म्हणजे चार ठोके) ४८ ठोक्यांत बासला एकही विराम नाही!

चालता बास, म्हणजे दर ठोक्याला एक सूर, डबल बास या मोठ्या तंतुवाद्यावर तार छेडून वाजतो, तिथे दमाचा प्रश्न नाही. बास रेकॉर्डरचे तळाचे सूर मुळात नाजूक. फुंक कमी पडली की उतरतात, जोर लावला की चढतात. मग वरचे तिघेही बेसूर वाटतात. म्हणून चौथ्या, आठव्या आणि बाराव्या बारचा शेवटचा ठोका रिकामा सोड. तिथे टेनर भरू नकोस. श्वासाची स्वल्पविरामासारखी खूणही नको, खरा विराम लिही. नुसती खूण असली की हौशी मंडळी सूर पूर्ण वाजवून मग श्वास घेतात आणि पुढचा ठोका हुकतो.

ब्लूजची घडणच अशी आहे. गाणारा साधारण दोन बार म्हणतो आणि थांबतो, पुढच्या दोन बारांत गिटार उत्तर देते. तुझा सोप्रानो चारही बार बोलतोय. थांबव त्याला! उत्तर आल्टोला दे, पण त्याच्या मधल्या-वरच्या सुरांत; तळात दिलंस तर कुणाला ऐकूच येणार नाही.

पाश्चात्त्य सुरांतला जी हा षड्ज धर. कोमल गंधार बी फ्लॅट, शुद्ध गंधार बी. सोप्रानोवर बी फ्लॅटला अंगठा, डावी तर्जनी, डावी अनामिका आणि उजवी तर्जनी. बीला फक्त अंगठा आणि डावी तर्जनी. बाकीची दोन बोटं झटकन उचलायची नाहीत, भोकांवरून हळू सरकवायची, फुंक तेवढीच. गंधार मींडेने वर चढतो. ही मींड एकालाच दे, दोघांची कधीच जुळत नाही. तेवढ्या वेळात इतर कुणाला गंधार नको. बासला जी आणि टेनरला एफ पुरे.

अर्ध्या ठोक्याचे सूर सरळ लिही आणि वर ‘स्विंग’ (जोडीतला पहिला सूर लांब, दुसरा आखूड) असा शब्द टाक. सुराची लांबी दीडपट करणारं टिंब देऊन लिहिलेस तर जोडीतले सूर ३:१ वाजतात, चाल लंगडते. हवेत साधारण २:१. जिभेला ‘डू-रू’ दे, ‘टू-टू’ नको.

‘फार रिकामं वाटतं’ असं गटात कुणीतरी म्हणेलच. मलाही म्हणतात, तरी मी विराम भरत नाही. हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून तुझ्यावर इतका चिडतोय. आजच पेन्सिल घे आणि बासच्या ओळीतले ते तीन सूर खोड.