पावसाळ्यात झाकून ठेवलेल्या बोटीत बुरशी येऊ नये म्हणून काय करावं?

तापोळ्याला कोयना धरणाच्या काठावर ओढून ठेवलेली केबिनची फायबर बोट, वर ताडपत्री गच्च आवळलेली, तरी ऑक्टोबरात उघडली की गाद्यांवर काळे ठिपके आणि कुबट वास, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते ती आवळलेली ताडपत्री हेच मूळ दुखणं आहे. मी बामणोलीच्या बाजूला बोटींची कामं करतो. गळक्या बोटींपेक्षा गच्च बांधलेल्या बोटींना बुरशी जास्त लागलेली बघतो.

आपल्याकडे एकदा झड लागली की हवाच ओली. डोक्यावरच्या महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला तेवढं पुरतं. त्यात फायबर रात्री गार पडतं आणि आतल्या हवेचं पाणी त्याला धरतं. पहाटे केबिनच्या छताला आतून हात फिरवून बघा, मनगटापर्यंत ओघळ येतील. ते पाणी पावसाचं नसतं.

म्हणून ताडपत्री बोटीला चिकटवू नका. बांबूच्या कमानी करून त्यावर टाका, बाजूंनी वीतभर फट ठेवा, पुढून-मागून वारा खेळू द्या. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उंच आणि मागची बाजू खाली येईल अशी बोट टेकवा, तळाचं बूच काढून ठेवा. ते बूच स्टिअरिंगला बांधा, नाहीतर हंगामाच्या पहिल्या दिवशी शोधाशोध ठरलेलीच. आणि कोयना भरताना पाणी किती वर चढतं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून मगच जागा धरा.

गाद्या, दोर, पायपुसणी, सगळं घरी न्या. स्पंज एकदा आतून ओला झाला की वरून कितीही पुसा. सीटखालच्या कप्प्यांची झाकणं उघडी टाका. प्लायवूडच्या कापलेल्या कडा रंगाने बंद आहेत का बघा, ओल तिथूनच शिरते.

कॅल्शियम क्लोराईडचे डबे चालतात, पण बंद कप्प्यात. वारा खेळतो तिथे ठेवले तर अख्ख्या जावळीची हवा सुकवत बसाल. त्यातलं साठलेलं पाणी धातूला खातं, डबा लवंडू देऊ नका. कळीचा चुना कुणी सुचवला तर नको म्हणा, पाणी लागलं की तो तापतो. गॅसची किंवा रॉकेलची शेगडी आत पेटवणं तर त्याहून वाईट. जळताना वाफच होते, शेजारी पेट्रोलची टाकी असते.

आलेली बुरशी कोरडी झटकू नका, उडून सगळीकडे बसते. साबणाच्या पाण्याने पुसा, मग व्हिनेगर, मग कडकडीत सुकवा. ब्लीच वापरलं असेल तर त्यावर व्हिनेगर अजिबात नको, विषारी वायू होतो.

लाइफ जॅकेटं धुऊन सावलीत टांगा, उन्हाने कापड आणि शिवण कुजते. बाहेर काढताना पट्टे जोरात ओढून बघा. कुठे उसवलं तर ते जॅकेट बाद करा, शिवून परत वापरू नका.