भिंतीवरची बाग आणि माळीकाम

चिपळूणहून एका आईंनी लिहिलंय: मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएमबी घेऊन. सुट्टीत पुण्याला मावशीकडे गेली, तिथे साड्यांच्या एका शोरूममध्ये खऱ्या झाडांची भिंत पाहिली आणि तेव्हापासून 'मला हेच करायचंय' म्हणून बसली आहे. वडील म्हणतात, हे तर माळीकाम, यात शिकायचं काय? पोटापाण्याचं जमेल का, आणि ॲडमिशन कुठे घ्यायची?

ताई, वडिलांचं निम्मं बरोबर आहे. हे माळीकामच आहे, आणि ते न येणारा डिझायनर इथे चार-सहा महिन्यांत उघडा पडतो. भिंत उभी करणं काही दिवसांचं काम. ती जगवणं हा खरा धंदा.

शोरूममध्ये दिवसभर एसी, हवा कोरडी. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारा उजेड झाडाला तिन्हीसांजेसारखा. मनीप्लँट, सिंगोनियम ही सोशीक मंडळी, पण त्यांनाही पानांवर साधारण १००० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड १०-१२ तास मिळाला तर बरं, म्हणून वेगळे एलईडी लावावे लागतात. ठिबकचं पाणी वरून खाली उतरतं, त्यामुळे वरची रांग सुकते आणि खालची कुजते. ड्रिपर क्षाराने बुजतात. पन्हाळीतून ओघळ आला, तर शेजारच्या साड्यांचं काय होईल ते तुम्हीच बघा! भिजलेलं पॅनेल मागच्या जिप्समच्या पार्टिशनला पेलेल का, हेही आधी तपासायचं. आणि दुरुस्ती दुकान बंद झाल्यावर, म्हणजे रात्री. याची घरात आत्ताच चर्चा करा.

लावण्याचे पैसे एकदाच मिळतात. घर चालतं ते दर महिन्याच्या देखभालीच्या करारावर. मात्र 'प्लास्टिकची पानं लावली तर काय बिघडलं?' हे दुकानदार विचारणारच, आणि त्याला उत्तर देता आलं पाहिजे.

वाटा दोन. एमएचटी-सीईटी देऊन ४ वर्षांचं बी.एस्सी. हॉर्टिकल्चर, दापोलीचं कृषी विद्यापीठ तुमच्या जवळच आहे. किंवा नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा देऊन ५ वर्षांचं बी.आर्क. आणि पुढे २ वर्षं लँडस्केप, म्हणजे बागा-मोकळ्या जागांची रचना. बायॉलॉजी मनापासून आवडत असेल तर मी पहिली वाट सुचवेन. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नंतर काही महिन्यांत शिकता येतं, पान पाहून मूळ कुजलंय हे ओळखणं तसं येत नाही. ज्यांच्यामुळे या भिंती जगभर गाजल्या, ते पॅट्रिक ब्लाँ मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. आग्नेय आशियातल्या जंगलांत खडकांवर मातीवाचून वाढणारी झाडं पाहून त्यांना हे सुचलं. पावसाळ्यात तुमच्या जांभ्याच्या गडग्यावर नेचे उगवतात ना, तेच.

सीईटी झाली की मे महिन्यात पडवीच्या आतल्या भिंतीवर तिला मीटरभर लांबी-रुंदीची बाग करू द्या. नारळाचं सोडण, जुन्या बाटल्या, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या फांद्या, बस्स. पाऊस सुरू व्हायच्या आत ती उभी राहायला हवी. पावसात कोकणात काहीही जगतं, ती परीक्षा नव्हे. जी झाडं मरतील ती का मेली, ते तिला वहीत लिहायला सांगा, आणि फॉर्म भरण्याआधी वही घेऊन दोघी या.