बॉयलर नवा, पाइप जुना: खर्च कुणाचा?

प्रश्न: इंग्लंडमधलं आमचं घर १९३०च्या दशकातलं आहे. मार्चमध्ये जुना बॉयलर काढून ३० किलोवॅटचा कॉम्बी (टाकीशिवाय, नळ उघडताच पाणी तापवणारा बॉयलर) बसवून घेतला. ठरलेले २,८०० पौंड दिले. त्यातले ३०० आगाऊ, क्रेडिट कार्डावर. पहिल्या आठवड्यापासून हाच त्रास आहे: गॅसच्या हॉबवर स्वयंपाक चालू असताना कुणी शॉवर सोडला, की बॉयलर बंद पडतो. बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बघून गेला. म्हणाला, बॉयलर ठणठणीत आहे, मीटरपासून आलेला १५ मिलिमीटरचा जुना पाइप पुरत नाही, आणि हे वॉरंटीत बसत नाही. बसवणारा आता पाइप बदलायचे ९५० पौंड मागतो. "कोटेशन बॉयलरचं होतं, पाइपचं नव्हतं," म्हणतो. द्यायचे का?

उत्तर: आज तरी एक पेनीही देऊ नका. आधी ते कोटेशन काढून नीट वाचा. त्याकडे पुढे येतोच.

अगोदर पाइपाचं गणित समजून घ्या, कारण वेळ आली तर न्यायाधीशांना ते तुम्हालाच सांगावं लागेल. मीटरपाशी गॅसचा दाब साधारण २१ मिलिबार असतो. सगळी उपकरणं एकदम चालू असली, तरी मीटरपासून उपकरणापर्यंत तो १ मिलिबारपेक्षा जास्त घटू नये, हे ब्रिटिश स्टँडर्ड ६८९१ मधलं माप. तुमच्या ताकदीचा कॉम्बी गरम पाणी देताना तासाला ३ घनमीटरहून जास्त गॅस ओढतो. १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप १२ मीटर धावत असेल, तर त्या मर्यादेत त्यातून तासाला जेमतेम १.३ घनमीटर गॅस जातो. शिवाय वाटेतला प्रत्येक एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड, सुमारे अर्धा मीटर पाइप वाढल्यासारखा धरतात. जुन्या बॉयलरचं भागायचं, कारण तो टाकी सावकाश तापवत बसायचा. कॉम्बीला नळ उघडल्या क्षणी सगळा गॅस हवा असतो. हा हिशोब बॉयलर भिंतीवर चढायच्या आधी व्हायला हवा होता, आणि तो काही रॉकेट उडवण्याचा हिशोब नाही. छापील तक्ता असतो.

आता कायदा. कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ च्या कलम ४९ नुसार काम वाजवी काळजीनं आणि कौशल्यानं करणं हा तुमच्या कराराचाच भाग आहे, कोटेशनमध्ये लिहिलेलं असो वा नसो. बॉयलर बसवणाऱ्यानंच विकला आणि त्यानंच बसवला, म्हणून कलम १५ ही लागू पडतं: चुकीचा बसवलेला माल हा करारानुसार नसलेला माल. त्यामुळे काम पुन्हा नीट करून घेण्याचा हक्क कलम ५५ देतं, तेही वाजवी वेळेत आणि त्याच्या खर्चानं. त्यानं ते केलं नाही, तर कलम ५६ खाली किंमत कमी करून मागता येते. कंपनीवर चिडून उपयोग नाही. तुमचा करार तिच्याशी नाही.

गॅस सुरक्षेचे १९९८ चे नियम तुमच्या आणखी कामाचे आहेत. नियम २६ प्रमाणे, उपकरणावर काम केल्यावर लगेच ते चालू असतानाचा गॅसचा दाब किंवा ते गॅसमधून घेत असलेली उष्णता तपासावीच लागते. मॅन्युअलच्या शेवटी 'बेंचमार्क' नावाचा तक्ता असतो, तो उघडा. बॉयलरपाशी मोजलेल्या दाबाचा रकाना कोरा आहे का? की छान गोल आकड्यात '२०' लिहिलंय, आणि कंपनीच्या माणसाच्या कागदावर भलताच आकडा आहे? माझा अंदाज, दाब मोजला असेलही, पण हॉब बंद ठेवून. दोन्ही कागदांचे फोटो आजच काढून ठेवा.

आता कोटेशन. 'कॉम्बी पुरवणे, बसवणे व चालू करून देणे, एकूण इतके' असं असेल, तर चालणारा बॉयलर देणं ही त्याची जबाबदारी आणि पाइपचा खर्चही त्याचाच. 'आधी सांगितलं असतं तरी तुम्ही हे पैसे दिलेच असते' हा त्याचा युक्तिवाद अशा ठोक किमतीपुढे टिकू नये. पण 'गॅस पाइप बदलावा लागल्यास वेगळा आकार' अशी स्पष्ट ओळ असेल, तर खोटी आशा दाखवत नाही: पाइपचा मूळ खर्च बहुधा तुमच्याच माथी येईल. तेव्हाही कंपनीच्या माणसाची फी, पुन्हा उचकटावी लागणारी जमीन, दुसऱ्यांदा करायची मजुरी हे मागता येईल, कारण ते त्याच्या चुकीतून आलंय. 'आमची कसलीही जबाबदारी नाही' असं बारीक अक्षरात असलं, तरी कलम ५७ पुढे त्यानं काळजीपूर्वक काम करण्याची जबाबदारी टळत नाही.

घाईनं दुसऱ्याकडून पाइप बदलून घेऊ नका. आधी याला लेखी संधी द्या: काय चुकलं, काय हवंय, १४ दिवसांत उत्तर. सोबत कार्ड कंपनीलाही लिहा. किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० च्या आत असली, की कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट १९७४ चं कलम ७५ लागतं. कार्डावर ३०० च दिले असले, तरी कार्ड कंपनीवर दावा सगळ्या कामाबद्दल करता येतो. मात्र ते पैसे थेट या बसवणाऱ्यालाच गेलेले हवेत. लोक हा रस्ता विसरतात, आणि बरेचदा तोच सगळ्यात जवळचा असतो. गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या गॅस सेफ रजिस्टरकडे तक्रार जरूर करा. ते सुरक्षेची बाजू बघतील, पैसे वसूल करून देणार नाहीत. एवढ्यानंही हलला नाही, तर १०,००० पौंडांपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे कोर्टाच्या छोट्या दाव्यांच्या मार्गानं, जातात. तज्ज्ञाचा पुरावा द्यायला तिथे कोर्टाची परवानगी लागते, म्हणून आत्ताचे कागद जपा.

तोवर हॉब आणि शॉवर एकदम चालवू नका. ज्योत पिवळी पडली, तर उपकरण वापरणं थांबवा. गॅसचा वास आला, तर मीटरपाशी गॅस बंद करा, खिडक्या उघडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन लावा. पाइपाला स्वतः हात लावू नका, गॅस सेफ नोंदणी नसलेल्या ओळखीच्या माणसालाही लावू देऊ नका.

आणि हो, नव्या बॉयलरची नोंद ३० दिवसांत स्थानिक काउन्सिलकडे व्हायला हवी होती. बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र घरी आलंय का बघा. आलं नसेल, तर त्याच पत्रात तेही मागा; घर विकताना समोरचा वकील पहिल्या आठवड्यात तेच मागतो.